एका ओळीचा फरक

कोचकोर, १२ मार्च २००३

तोकतोसून,

तू, तुझी बायको, पोरं सगळी सुखरूप ना? इकडे माणसं ठीक, जनावरंही ठीक. दोन मेंढ्या जुळं व्याल्या.

फोन करू नकोस. पोस्टातल्या त्या फोनवर तू काय बोलतोस ते मला ऐकू येत नाही, आणि मी जे ओरडतो ते सगळ्या गावाला ऐकू जातं. मागच्या वेळी तुझ्या मूळव्याधीची चौकशी केली, तर दुसऱ्या दिवशी तीन जण मला औषध सांगून गेले. त्यापेक्षा पत्र बरं. मिनीबसवाल्याकडे दिलं की दुपारपर्यंत तुझ्या हातात.

आपल्या घराण्याचं पुस्तक होत आलंय. सगळी हयात जनावरांचा डॉक्टर म्हणून काढली. कुठला मेंढा कुठल्या वंशाचा हे सगळ्या खोऱ्यातून लोक मलाच विचारायचे. मग आपल्या माणसांचं कुणी लिहायचं? आपल्या लहानपणी सात पिढ्यांची नावं घडाघड म्हणता आली नाहीत तर पाहुण्यांपुढे मान खाली जायची. परवा माझ्या नातवाला विचारलं. तिसऱ्या बापापर्यंत नीट आला आणि चौथ्याला कुठल्याशा फुटबॉलवाल्याचं नाव घेतलं.

वडिलांच्या जन्माला येत्या शरदात शंभर वर्षं होतात. मेजवानीला घोडा कापू, सगळे भाऊबंद बोलावू आणि घरटी एक पुस्तक देऊ. तुमच्या ट्रॉलीबस डेपोमागे छापखाना आहे ना, त्यांच्याशी तू बोल. कच्च्या पानांची नक्कल सोबत पाठवतोय.

तुझ्या जागेबद्दल. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, तरी लिहितो. तू आमच्या आईचा पाचवा. चोरोबाय काकांना मूल नव्हतं, म्हणून तू अंगावर पीत होतास तेव्हाच वडिलांनी तुला त्यांच्या पदरात घातलं. तेव्हा तुला वडिलांच्या, म्हणजे दुइशेच्या, खाली घेतलंय. सरळ रेघ. तिथून काकांकडे एक तुटक रेघ काढली आहे. वंशावळीत असंच दाखवतात.

तुझा भाऊ,
इशेनाली

*

बिश्केक, १९ मार्च

बायके,

पानं मिळाली. माझ्या थोरल्या भावाचं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक नावाला शिंगं फुटल्यासारखं. छापखान्यातल्या माणसाशी बोललो. तो म्हणतो, टाइप करून आणलंत तर ऑगस्टात देतो.

माझी जागा बघितली. हसू नकोस, पण मी मुलाला सात बाप शिकवले तेव्हा माझ्यानंतर चोरोबाय म्हणूनच शिकवलं. मलाही बाबांनी तसंच शिकवलं होतं. त्यांच्या घोड्यावर पुढ्यात बसून म्हणायचो, आणि चुकलो की ते लगाम ओढून घोडा थांबवायचे. पुन्हा पहिल्यापासून. तसं पाहिलं तर बाबा आणि दुइशे काका सख्खे भाऊ. आजोबांपासून वर सगळं एकच. फरक एका ओळीचा आहे.

तेवढी ओळ तुझ्या सोयीने काढलीस तरी माझी ना नाही. मी चोपन्न वर्षांचा घोडा झालो, माझं काय बिघडतंय? पण आपाने, मला वाढवलेल्या आईने, ते पाहिलंय का? पाहिलं नसेल तर आत्ता वाचून दाखवू नकोस. मे महिन्यात मी येतो, तिच्याशेजारी बसून सांगतो. नोरुजला यायचं होतं, पण सणाला ट्रॉलीबस जास्त सोडतात आणि मिस्त्री आम्ही तिघंच.

गुलसून वहिनींना सलाम.

तोकतोसून

*

कोचकोर, २८ मार्च

तोकतोसून,

तुझं पत्र नोरुजच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. पुस्तक तर आदल्या दिवशीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सगळे आमच्या अंगणात जमले होते, सुमोलोकच्या खिरीची कढई चुलीवर होती, ढवळणारे ढवळत होते. म्हटलं, याहून चांगला मोका कुठला? उभा राहून सगळं वाचलं. लोकांना फार आवडलं. आसान मास्तर तर म्हणाला, हे सरकारने छापायला हवं.

तुझी आपा पुढेच बसली होती. तिचं पान आलं तेव्हा नीट कान देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर गाय बांधायची राहिली म्हणाली आणि उठून गेली. एक शब्द बोलली नाही. म्हणजे पटलं असावं. न पटलेलं पोटात ठेवणारी बाई ती नव्हे, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. वडिलांना ती कधी नावाने बोलली नाही. दिराचं नाव घेत नाहीत म्हणून, आणि दुइशे म्हणजे सोमवार म्हणून, त्यांना जन्मभर ‘रविवारच्या उद्याचे’ म्हणत आली. पण त्या ‘रविवारच्या उद्याच्यांना’ चार लोकांत किती वेळा झापलंय!

तर काळजी करू नकोस. तब्येत चांगली आहे. गाय दूध देतेय. तुटक रेघ राहू दे. एका ओळीचाच फरक आहे असं तूच म्हणतोस.

इशेनाली

*

कोचकोर, ६ एप्रिल

शहरवाले भाऊजी,

हे पत्र मी लिहिलंय असं तुमच्या बायकेंना, म्हणजे आमच्या यांना, कळवू नका. मिनीबसवाला माझ्या माहेरचा आहे, तो बोलणार नाही.

तुमच्या आपा नोरुजपासून आमच्याकडे चहाला आलेल्या नाहीत. इतकी वर्षं रोज सकाळी स्वतःची वाटी घेऊन येत होत्या आणि माझा चहा पातळ आहे म्हणून सांगत होत्या. आता दार लावून बसतात. मी तळलेले बोरसोक घेऊन गेले, तर ते घेतलेही नाहीत आणि परतही केले नाहीत. ताट तिथेच. खिडकीशी बसून पुटपुटत असतात. मी म्हटलं, काय म्हणताय? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मध्येच बोलून काहीतरी सांडलं.

यांनी काय वाचलं ते तुम्हाला सांगते, कारण यांनी लिहिलं नसणार. ‘चोरोबाय. दुइशेचा धाकटा भाऊ. युद्धावर गेला, परत आला. पत्नी उलकान. संतती नाही.’ असं, सगळ्या गावासमोर, मेंढ्यांना डोस पाजताना आरडतात त्या आवाजात. पुढे तुमची तुटक रेघ. ज्या बाईने तुम्हाला स्वतःच्या कुशीत वाढवलं तिला भर सणात वांझ म्हटलं, भाऊजी. मी यांना तसं बोलले. म्हणाले, ‘तू काय समजतेस वंशावळीतलं?’

लवकर या.

गुलसून

*

बिश्केक, ९ एप्रिल

बायके,

आम्हाला काय मेंढ्या समजलास? कान टोचून बिल्ला लावला, आई ही, दूध तिचं, पुढची?

मी गप्प बसलो कारण मला वाटलं, ओळ तुझ्या माझ्यातली आहे. ती आपाची आहे हे तुला कळायला हवं होतं. मला दाढी आल्यावरसुद्धा ती रस्त्याने माझं बोट धरून चालायची, कुणी काही बोलू नये म्हणून. तुमच्या घरी मी जेवायला थांबलो की दर दोन घासांनी दारात येऊन बघायची. का, ते तेव्हा कळत नव्हतं. आणि तू कढईशेजारी उभा राहून सांगतोस, ‘संतती नाही.’

मला तुझ्या पुस्तकातून काढ. सरळ रेघ खोड, तुटकही खोड. छापखान्यात मी जाणार नाही. ज्याला सरकारने छापावंसं वाटतं त्या आसान मास्तरला पाठव.

मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

तोकतोसून

*

कोचकोर, १३ एप्रिल, रविवार

तोकतोसून,

तुझं पत्र मिळालं. कुणी सांगितलं ते विचारत नाही, ती आत्ता माझ्यासमोर कणीक मळतेय.

मेंढ्यांचं जे लिहिलंस ते लागलं. तीन वर्षं थडगी धुंडाळत फिरलो, म्हाताऱ्यांच्या तोंडाशी कान लावून नावं उतरवली, तेही एकच कान चालत असताना. माझ्या मनात खोट असती तर तुटक रेघसुद्धा काढली नसती. खरं ते लिहायचं नाही तर मग लिहायचंच कशाला? तुला माझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटत असेल तर

वरचं वाक्य तसंच राहू दे, पुरं करायला वेळ नाही. गुलसून आपाच्या घरी ताट परत आणायला गेली होती. घर बंद आहे. गाय शेजाऱ्यांच्या गोठ्यात बांधलेली, आणि आपा नाही. चहाच्या टपरीवाला म्हणतो, खाणीवरून कोळसा घेऊन आलेला ट्रक रिकामा परत चालला होता, त्यात पांढरा रुमाल बांधलेली म्हातारी पुढे बसली. ड्रायव्हर म्हणाला, चाएकला सोडतो. टपरीवाल्याने विचारलं, आजी, कुठे निघालीस? तर म्हणाली, ‘विचारायला.’

चाएकला तिचं कोण आहे? चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. माझी गाडी चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलीय. गुलसूनला पोस्टात पिटाळलं, तुझ्या डेपोत फोन कुणी उचलत नाही. मिनीबसवाल्याला सांगितलंय, पत्र हातात दे, घर शोधून दे. तू सुसामिरकडच्या बोगद्याच्या रस्त्याने गेलास तर माझ्याआधी पोचशील. भांडण नंतर करू.

इशेनाली

*

चाएक, १७ एप्रिल

बायके,

आपा सापडली. धडधाकट आहे. गुलसून वहिनींना आधी हे वाचून दाखव, बाकीचं मागाहून.

बोगद्याच्या अलीकडे बर्फ होतं, म्हणून रस्त्यात एक रात्र गेली. चाएकला पोचलो तर शोधावंही लागलं नाही. बाजारात पहिल्याच बाईने सांगितलं, ‘कोळशातून आलेली आजी ना? ती बुबूकानच्या घरी.’ ही बुबूकान म्हणजे लढाईच्या काळात आपल्या आळीत राहणारी. नवरा लढाईत मारला गेला, मग तिला इकडे दिली. डोळ्यांनी आता दिसत नाही. मी आत शिरलो तेव्हा दोघी एका रजईवर पाय पसरून वाळक्या दह्याचा कुरूत चोखत होत्या.

‘कोण आलं?’ बुबूकान म्हणाली.

‘माझा मुलगा,’ आपा म्हणाली. ‘चेहरा असा करून आलाय, जणू मला पुरायलाच आलाय. बस. चहा घे. इथला चहा गुलसूनपेक्षा बरा आहे.’

रस्ताभर जुळवत आलो होतो ते बोललो. म्हटलं, आपा, इशेनाली बायकेचं मनावर घेऊ नकोस. मी तुझाच. पुस्तकात काय लिहिलंय याला मी भीक घालत नाही.

तिने कुरूत बाजूला ठेवला. ‘तुझं कोण बोलतंय? तुला काय झालंय?’

‘बायकेने मला दुइशे काकांच्या खाली लिहिलं ना.’

‘मग? रविवारच्या उद्याच्यांच्या बायकोने नाही का जन्म दिला तुला? मी होते तिथे, मीच पाणी तापवलं. जन्म तिने दिला, नाक मी पुसलं. दोन्हीकडे लिहा म्हणावं. कागद का महाग झालाय?’

बायके, मी आठवडाभर तुझ्यावर धुमसत होतो, आणि ही कागदाचा भाव विचारत होती. मी विचारलं, मग तू रुसलीस कशावर?

‘रुसलंय कोण?’ ती म्हणाली. ‘मी आठवत होते. तुमच्या घरी चहाला येऊन गुलसूनची बडबड ऐकत बसले असते तर आठवलं असतं का?’

मग तिने सांगितलं. तू ‘संतती नाही’ वाचलंस तेव्हा तिला राग आला नाही. तिने मनातल्या मनात म्हटलं, हा पोरगा तेव्हा लहान होता, याला ठाऊक नाही. घरी जाऊन नावं सांगावीत. आणि उठताना मोजायला लागली. पहिली बुरुल. चालायला लागली होती, मग घटसर्प झाला. दुसरा तुरार. तो घोड्याला बघून खिदळायचा. आणि तिसऱ्याशी येऊन ती अडली. तिसराही मुलगा, बाबा लढाईवर गेल्यानंतरच्या हिवाळ्यात झालेला. आठवडाभर जगला. त्याचं नाव तिला आठवेना.

म्हणाली, ‘गाय बांधता बांधता आठवेल म्हटलं. नाही आठवलं. रात्री आठवेल म्हटलं. तोकतो, आपल्या पोटच्या पोराचं नाव विसरले मी. तुझ्या बापाने तर त्याला पाहिलंही नव्हतं. माझ्याशिवाय दुसरं कोण होतं त्याला?’

म्हणून ती इथे आली. नाळ बुबूकानने कापली होती. त्या वेळची जिवंत उरलेली तेवढी एकच.

मी विचारलं, ‘मग बुबूकान आजी, काय होतं नाव?’

बुबूकानने तोंडातला कुरूत बाहेर काढला. ‘कसलं नाव? नाव ठेवलं कुठे? परवापासून हिला तेच सांगतेय. हिचे सासरे हिवाळ्यात मेंढ्या घेऊन वर होते, खिंड बंद झाली होती. नाव त्यांनी ठेवायचं. आम्ही म्हणत होतो, आज उतरतील, उद्या उतरतील. ते उतरले तेव्हा पोर गेलेलं होतं. बाळ म्हणायचो आम्ही. नुसतं बाळ.’

‘परवा सांगितलंस तेव्हा मला खरं वाटलं नाही,’ आपा म्हणाली. ‘तू आधीपासून खोटारडी.’

‘आणि आज?’

‘आज वाटलं. सासऱ्यांनी बर्फाने भरलेला कोट काढून माझ्यापुढे ठेवला ते आठवलं. म्हणाले होते, पोरी, मी नाव घेऊन आलो होतो. कुठलं, ते मी विचारलं नाही.’ मग माझा गुडघा थोपटत म्हणाली, ‘मी विसरले नव्हते रे. विसरायला नावच नव्हतं.’

आणि रडली. मी तिला बाबांच्या वेळीसुद्धा अशी रडताना पाहिलं नव्हतं. बुबूकान अंदाजाने हात फिरवत तिचा चेहरा शोधत होती आणि म्हणत होती, ‘रड, रड, तेव्हा रडायला दिलं कुणी? दुसऱ्या दिवशी खळ्यावर होतो आपण.’

सगळं शांत झाल्यावर मी एक मूर्खपणा केला. म्हटलं, आपा, आता घराण्यात सगळ्यात मोठी तूच. तूच ठेव त्याचं नाव, बायके पुस्तकात लिहील.

‘नको,’ ती म्हणाली. ‘पुस्तकातली ओळ सारखी दिसावी म्हणून आता नाव चिकटवू नका. मुलगा होता असं लिहा. ते खरं आहे. आणि इशेनालीला सांग, माझ्या पानावर जे दोन शब्द आहेत ते खोड.’

बायके, मेंढ्यांचं जे लिहिलं ते मी मागे घेतो. भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटत असती तर इतका ओरडलो नसतो.

मला उद्या डेपोत हजर व्हायचंय. आपाला गाडीत घालून तुझ्याकडे आणत होतो, पण ती येत नाही. आठ-दहा दिवस राहणार, दोघींचं बोलणं अजून लढाईच्या दुसऱ्या वर्षातच आहे. परत येताना कोळशाच्याच ट्रकने येणार म्हणते. उंचावर बसायला मिळतं.

तोकतोसून

*

कोचकोर, ११ मे

तोकतोसून,

उशिरा लिहितोय. इथे काय चाललंय ते सांगितल्यावर रागावणार नाहीस.

तुझी आपा अखेर मागच्या आठवड्यात आली. ट्रक आमच्या दाराशी थांबला, ती उतरली, हात धुतले आणि घरी न जाता सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, लिही. मी ‘संतती नाही’ खोडलं. तिने बोट ठेवून बघितलं, नीट खोडलंय की नाही. मग लिहिलं: बुरुल, मुलगी. तुरार, मुलगा. एक मुलगा. तोकतोसून, मुलगा. मी म्हटलं, काकू, याला तुटक रेघ काढू की सरळ? म्हणाली, ‘तुला काढता येईल ती काढ.’ सरळ काढली. वडिलांच्या खालची आहे ती पण राहू दिली. आता तुला वरून दोन रेघा येतात. अशी वंशावळ मी कुठे पाहिलेली नाही. आसान मास्तर म्हणतो, हे चुकीचं आहे. असेल.

यानंतर जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. तिने हे सगळं गुलसूनसमोर सांगितलं, गुलसूनने दुकानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी आसान मास्तरचीच आई काठी टेकत आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, माझे दोन आहेत, दोघं एकाच दिवशी गेले. नंतर धाकट्या आळीतली एक आली. मग तिची जाऊ. त्या आपल्या घराण्यात दिलेल्या, म्हणजे नाही म्हणायचा प्रश्नच नाही. पण परवा दोघी दुसऱ्याच घराण्यातल्या आल्या. मी म्हटलं, बायांनो, तुमचं पुस्तक वेगळं. तर म्हणतात, आमच्यात लिहिणारं कुणी नाही, तू कोपऱ्यात कुठेतरी लिही. चांगल्या कानाकडे वळवून बसवतो आणि लिहितो. कुणी घाई करत नाही. काही जणी नाव सांगतात आणि उठून जातात. काही जणी नाव सांगून झाल्यावर चहा पीत तासभर मेंढ्यांच्या किमतीबद्दलच बोलतात.

तुझी आपा रोज सकाळी वाटी घेऊन येते आणि हे सगळं बघत बसते. चहा पातळच आहे म्हणते.

आता एक गोष्ट. ती तुला लिहू की नको असं दोन दिवस मनात होतं.

गुरुवारी सगळ्या गेल्यावर मी पानं गोळा करत होतो. माझं पान वर होतं. इशेनाली, पत्नी गुलसून, तीन मुलगे, तिघांची नावं, जन्मसालं. गुलसून भांडी उचलत होती. ती थांबली आणि म्हणाली, ‘आपली राहिली.’

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, काय?

‘आपली राहिली,’ ती पुन्हा म्हणाली, या वेळी चांगल्या कानाकडून येऊन.

तुला आठवत नसणार, तू तेव्हा सैन्यात होतास. थोरल्या दोघांच्या पाठची मुलगी. गोवर आला तेव्हा मी कुरणावर होतो, मेंढ्यांना सुया टोचत. खाली आलो तर झोळी सोडून घडी करून ठेवलेली होती. त्यानंतर या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. मला वाटायचं, गुलसूनला त्रास होईल म्हणून मी घेत नाही. तिलाही वाटायचं, मला त्रास होईल, म्हणून ती घ्यायची नाही. आणि तीन वर्षं मी हे पुस्तक लिहीत होतो, तेव्हा रोज दिव्याची वात नीट करून ती शेजारी बसत होती.

मी पेन उचललं. म्हटलं, सांग.

ती म्हणाली, ‘तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच लिहा.’

मी लिहिलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या मध्ये, जागा नव्हती तिथे: आयनाश, मुलगी. गुलसूनला वाचता येतं, तरी तिने मला मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचलं. मग ती भांडी घेऊन गेली.

छापखान्याच्या माणसाला सांग, ऑगस्टात जमणार नाही. पानं वाढतायत, आणि किती वाढतील ते आत्ताच सांगता येत नाही.

तुझा भाऊ,
इशेनाली